फाडफाड वाचणारी मुलगी

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे आधीच सांगून टाकते, कारण मला त्याचा अभिमान आहे आणि अभिमान पोटात ठेवून नम्र चेहरा करणं मला जमत नाही. पदवीला मराठी घेतलं तेव्हा खडकीच्या क्वार्टर्समधल्या शेजारणींनी आईला विचारलं होतं, "मराठीत काय शिकायचंय एवढं? ती तर येतेच की." आई म्हणाली, "तुम्हाला येते तेवढी तुम्हाला पुरत असेल. तिला अजून पाहिजे."

आई स्वतः शाळेत गेलेली नव्हती. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात कामगार. ते पाळीवर गेले की घरात पेपर वाचून दाखवायचं काम माझ्याकडे. आई सुपात तांदूळ घेऊन बसायची आणि मी तिच्यासमोर पेपर पसरून. एक वाक्य होतंय न होतंय तोच सुपातला हात वर.

"थांब. कोण म्हणालं असं?"

"मंत्री."

"कुणाला म्हणाला?"

मी मागे जाऊन शोधायची. "लोकांना."

"मग लोक काय म्हणाले?"

"ते दिलेलं नाही."

"म्हणजे अर्धंच छापलंय. बरं, पुढं."

एक बातमी संपेस्तोवर सूप रिकामं व्हायचं. मला भयंकर राग यायचा. ताई या जाचातून सुटली होती, कारण तिचा आवाज फार चांगला होता आणि तो विहारासाठी राखून ठेवलेला होता. रोज संध्याकाळी विहारात वंदना सुरू करून द्यायचं काम ताईचं. छोटी छापील पुस्तिका, पालीतले शब्द, आणि ताई एका दमात, एकही अक्षर न चुकता. मागे बसलेली माणसं तिच्या आवाजावर आपला आवाज टाकायची. कुणाची हिंमत होती तिला मध्येच थांबवायची?

वंदनेचा यात काही दोष नाही, हेही स्पष्ट सांगते. वंदना ही म्हणायचीच असते. शिवाय आमच्या विहारात एक आजोबा होते, ते रविवारी ओळ-ओळ घेऊन मराठीत अर्थ सांगायचे. अडचण अशी झाली की ताई शाळेचा धडाही वंदनेसारखाच म्हणायला लागली, आणि शाळेत ते रविवारचे आजोबा नव्हते. आठवीपर्यंत ती वर्गातली सगळ्यात चांगली वाचणारी मुलगी. नववीत विज्ञान, इतिहास, भूगोल सगळ्यांत एकदम नापास. घरात कुणाला काही उमगेना. शाळेने सांगितलं, आळस करते. ताई कसला आळस करणार, ती पहाटे उठून पानंच्या पानं पाठ करत होती. पुढच्या वर्षी पुन्हा तेच झालं आणि तिची शाळा तिथेच संपली.

नेमकं काय झालं होतं ते मला बी.एड. करताना कळलं. ताईला वाचता येत होतं. वाचलेलं तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. तिच्या तोंडून बाहेर पडून ते थेट लोकांकडे जायचं.

आता मी एका मराठी माध्यमाच्या शाळेत सहावी-सातवीला मराठी शिकवते. मुलांच्या घरची परिस्थिती आमच्यासारखीच. कुणाचे वडील रिक्षा चालवतात, कुणाची आई चार घरची पोळीभाजी करते, बऱ्याच घरांत शाळेत टिकलेलं हे पहिलंच मूल. अशा एका सातवीच्या वर्गात ती आली.

आल्या आल्याच तिची कीर्ती माझ्यापर्यंत पोचली होती. परिपाठाला सुविचार ती वाचणार, सव्वीस जानेवारीला माईकवर ती, पाहुणे आले की पुढे ती. मुख्याध्यापिका, म्हणजे आमच्या मोठ्या बाई, मूळच्या पेठेतल्या. कौतुकसुद्धा कोरडं करतात. मला म्हणाल्या, "ती मुलगी आहे म्हणून शाळेला आवाज आहे. बाकी आपल्याकडे गोंगाट आहे." वर्गात तिने पहिल्यांदा वाचलं तेव्हा मीही खडू हातात धरून ऐकत राहिले. आवाज स्वच्छ, विरामचिन्हं जागच्या जागी, अडखळणं नावाला नाही. विचारलं तर कळलं, त्यांच्या वस्तीतल्या विहारात वंदना तीच घेते. मला ताईची आठवण झाली, पण तेव्हा ती आनंदाने झाली.

मग एक दिवस तपासणीला साहेब आले. वर्गात आले, बाकांवरून नजर फिरवली आणि नेहमीचं वाक्य बोलले, "कुणी छान वाचून दाखवेल का?" आमच्याकडे उत्तर तयारच होतं. तिने पेंग्विनचा धडा वाचला. त्या धड्यात बर्फातल्या मोठ्या पेंग्विनची गोष्ट आहे. मादी अंडं देते आणि समुद्राकडे जाते, आणि नर ते अंडं आपल्या पायांवर ठेवून, वरून पोटाची घडी टाकून, कडाक्याच्या थंडीत दोन महिने उपाशी उभा राहतो. साहेब डोळे मिटून ऐकत होते. वाचून झालं तेव्हा म्हणाले, "सुंदर! आता काय वाचलंस ते सांग बघू."

तिने पुस्तक मिटलं, हात मागे बांधले आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. शब्दन् शब्द. पहिला परिच्छेद संपला, दुसरा सुरू झाला.

"बास, बास!" साहेब एकदम खूश. "अख्खा धडा मुखोद्गत! अहो बाई, याला म्हणतात आकलन!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. दुसरं काय करणार? पण साहेब गेल्यावर मी तिला जवळ बोलावलं.

"काय गं, त्या पेंग्विनचं अंडं कोण सांभाळतं?"

तिचे डोळे छताकडे गेले. ओठ हलायला लागले. धडा आत पहिल्यापासून सुरू झाला होता.

"पाठ नको म्हणूस. तुला विचारतेय मी. आई सांभाळते का बाबा?"

"आई," ती म्हणाली.

"का?"

"आईच सांभाळते ना, बाई."

यात चलाखी नव्हती, घाबरणंही नव्हतं. तिने अर्ध्या तासापूर्वी अख्ख्या वर्गाला, साहेबांना, मला सांगितलं होतं की बाप सांभाळतो. हा धडा पहिल्यांदा घेतला तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा 'आईशप्पथ' म्हणून ओरडली होती. फक्त तिच्यापर्यंत ती बातमी अजून आलेली नव्हती.

मग तिला चाचण्यांत मार्क कसे पडत होते? ते आमच्या पद्धतीचं पाप. कोणत्याही वर्गातलं मराठीचं पुस्तक उघडून बघा, पेन्सिलीचे कंस दिसतील. धडा संपला की शिक्षक सांगतात, "पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'म्हणून' पासून 'लागले' पर्यंत. कंस करा." मुलं कंस करतात, कंसातलं पाठ करतात, पेपरात उतरवतात. निबंधाचंही तेच. तिचा 'माझी आई' हा निबंध मी काढून बघितला. 'माझी आई प्रेमळ, कष्टाळू व सुगृहिणी आहे.' गाईडातलं वाक्य. वर्गातल्या निम्म्या आया त्या वर्षी सुगृहिणी होत्या.

सातवीपर्यंत कंसांवर निभतं. आठवीत पुस्तकं जाड होतात, प्रश्न वाकडे येतात, आणि कंसात बसत नाही असं सगळं वाचायला लागतं. त्यापुढे काय होतं ते मी घरात बघितलेलं होतं. हे वर्ष गेलं तर ही मुलगी ताईच्या वाटेने जाणार आणि पुन्हा कुणीतरी म्हणणार, आळस करते. दुसरी ताई मला बघायची नव्हती.

शाळा सुटल्यावर कच्च्या मुलांचा जादा तास मी घेते. त्यात तिचं नाव घातलं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकापाशी एक रिक्षा येऊन थांबली आणि खाकी शर्टातले तिचे वडील उतरले.

"बाई, काय ऐकतोय मी? पोरीला कच्च्यात बसवलं?"

"कुणी सांगितलं?"

"रडत आली की घरी. सायबांनी टाळ्या वाजवल्या म्हणते, आणि तुम्ही कच्च्यात! आमच्या खानदानात असं फाडफाड कुणी वाचलेलं नाही, बाई. मी आपला रस्त्यावरची पाटी वाचतो तेवढंच. आणि तुम्ही तिलाच कच्ची म्हणता?"

माझे वडील त्यांच्या जागी असते तर हेच बोलले असते, आणि याच आवाजात. त्यांना आकलन, अर्थग्रहण वगैरे सांगत बसणं म्हणजे त्यांच्या हातातली एकुलती एक चांगली गोष्ट काढून घेणं. आणि खोटं बोलायचं नव्हतं. तेवढ्यात मागे मैदानावरून एक खणखणीत आवाज आला आणि मला सुचलं.

"कच्ची म्हणून नाही हो. वर्गात एक मुलगी आहे, तिला धड वाचता येत नाही. तुमच्या लेकीने तिला धडे वाचून दाखवायचे. एवढंच काम आहे."

"म्हणजे हिने शिकवायचं?"

"म्हणा हवं तर."

त्यांचा चेहरा उजळला. "मग तसं सांगा ना! बाई, तुम्ही पण ना, सरळ बोलतच नाही."

सरळ बोलते म्हणून शाळेत बदनाम असलेल्या बाईला हे ऐकून घ्यावं लागलं. घेतलं.

तो खणखणीत आवाज ज्या मुलीचा होता तिला आमच्या शिक्षक-खोलीत 'भोंगा' म्हणतात. वाचायला उभी केली की 'पें... पेंग... पेंगवी...' करत घामाघूम व्हायची. पण कुठल्या गल्लीत कुणाचं कुणाशी भांडण झालं, का झालं, आधी कोण बोललं, नंतर समेट कुणी घडवला, सगळं तिला माहीत. प्रश्न विचारल्याशिवाय तिचा श्वास पुरा होत नसे. वर्गात दिवसातून वीस वेळा 'गप्प बस' ऐकणारी पोर. मी दोघींना एका बाकावर बसवलं आणि भोंग्याला सांगितलं, "ती वाचेल. तुला जिथे समजणार नाही तिथे तिला थांबवायचं."

"कितीदा थांबवू?"

"हवं तितक्यांदा."

"खरंच?" तिचा विश्वास बसेना. "बाई, नंतर ओरडणार नाही ना?"

वाचणारी ताठ बसली, घसा साफ केला. "'कडाक्याच्या थंडीत नर पेंग्विन आपल्या पायांवर अंडे घेऊन...'"

"थांब! नर म्हणजे बाप ना?"

"हो. '...अंडे घेऊन उभा राहतो. मादी अन्नाच्या शोधात...'"

"थांब ना. आई कुठं चालली?"

"'मादी अन्नाच्या शोधात समुद्राकडे निघून जाते.'"

"म्हणजे जेवायला?"

"'मादी अन्नाच्या शोधात...'" आता आवाज चढलेला.

"ओरडू नको, मी काय बहिरी नाहीये. जेवायला गेली का ते सांग. आणि येणार कधी?"

वाचणारीने पुस्तकाकडे बघितलं, मग माझ्याकडे. डोळ्यांत पाणी. "बाई, ही पुढे जाऊच देत नाही. माझं काही चुकलंय का?"

"काही चुकलेलं नाही. ती विचारतेय त्याचं उत्तर दे."

"पण ते लिहिलंय इथे."

"लिहिलंय ते तिने ऐकलं. आता तू सांग."

पहिला आठवडा असाच गेला. खरं सांगायचं तर मला धास्ती वाटायला लागली. तिला थांबवलं जायची सवय नव्हती. प्रत्येक 'थांब'ला ती मार खाल्ल्यासारखी दचकायची. आवाज बारीक झाला. परिपाठाला सुविचार वाचतानाही ती मध्ये कुणी काही म्हणेल का म्हणून बघायला लागली. मोठ्या बाईंनी मला खोलीत बोलावलं. "आपल्या आवाजाला काय झालंय?"

"आजारी नाहीये ती."

"ते मलाही दिसतंय. तुमच्या जादा तासाला गेल्यापासून बिघडलंय. चांगलं चाललेलं यंत्र उघडू नये, बाई."

उघडून ठेवलेलं यंत्र माझ्या हातून पुन्हा जोडलं जाईल, याची मलाच खात्री नव्हती. आवाजही जायचा आणि अर्थही यायचा नाही, असं झालं तर? त्या मुलीकडे दुसरं होतंच काय?

पण भोंगा काही दमत नव्हता. आणि हळूहळू एक वेगळीच गोष्ट दिसायला लागली. वाचणारी वाक्य सुरू करायच्या आधी क्षणभर थांबायची. तिला कळायला लागलं होतं की आता ही इथे मला पकडणार. मग ती आधीच आपली आपण म्हणायची, "आई जेवायला गेलीये, दोन महिन्यांनी येणार, तोवर हा उपाशी. आता तरी वाचू देशील?" भोंगा म्हणायचा, "उपाशी? आणि पिल्लू बाहेर आलं की त्याला काय देणार हा?" ते पुढच्या परिच्छेदात होतं. वाचणारीने पान उलटलं आणि मोठ्याने न वाचता, मान खाली घालून, नुसतं बघितलं. तिला मनात वाचताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मग मान वर करून ती म्हणाली, "त्याच्या घशातून दुधासारखं काहीतरी काढून देतो." आणि स्वतःशीच पुटपुटली, "ई."

ते 'ई' ऐकून मी पाठ फिरवून उगाच फळा पुसला.

त्याच सुमारास मी सातवीला चार ओळी लिहायला दिल्या. विषय 'माझे बाबा', आणि अट एकच, गाईडातलं एकही वाक्य आलं तर पुन्हा लिहावं लागेल. तिने लिहिलं होतं, 'माझे बाबा रिक्षा चालवतात. ते पावसात पण उभे राहतात. त्यांच्या पायावर अंडं ठेवलं तर ते पण हलणार नाहीत.' मी ते तीनदा वाचलं. मग शंका आली आणि भोंग्याला बोलावलं. "हे तू सांगितलंस ना तिला?"

"मी नाही, बाई! मी उलट म्हटलं, तुझे बाबा तर हलतील. चहा प्यायला जातील."

तरीही मी सुटकेचा श्वास सोडला नाही. एखादं वाक्य कुणालाही लागतं. ताईलाही कधीकधी लागायचं. आणि दोघी शेजारी बसलेल्या असताना अर्धं काम भोंगाच करत होता. एकटी असली की, समोर माणसं असली की काय होईल, तो प्रश्न तसाच होता.

स्नेहसंमेलन आलं. शाळेचा वार्षिक अहवाल दरवर्षी एखादा विद्यार्थी वाचतो. मोठ्या बाई म्हणाल्या, "आवाज बरा झाला असेल तर तिलाच द्या." अहवाल मोठ्या बाईंच्या टेबलावरून थेट कार्यक्रमाच्या सकाळी तिच्या हातात आला, आधी वाचायला वेळच मिळाला नाही. मैदानात मंडप, खुर्च्यांवर पालक, पुढे पाहुणे. तिचे वडील दुसऱ्या रांगेत, केस पाणी लावून बसवलेले. भोंगा मागे आपल्या वर्गाबरोबर सतरंजीवर. मी व्यासपीठाच्या बाजूला.

तिने सुरुवात केली आणि माझं मन खट्टू झालं. तोच जुना आवाज. स्वच्छ, सरळ, एकही अडखळण नाही. 'उज्ज्वल यशाची परंपरा', 'सर्वांगीण विकास', सगळं वंदनेच्या चालीत पुढे सरकत होतं. पालक माना डोलवत होते. मोठ्या बाईंच्या चेहऱ्यावर समाधान. मी मनात म्हटलं, झालं, माणसं समोर आली की ही परत तिथेच गेली. इतक्या महिन्यांची मेहनत अशी माईकवर वाहून जाताना मी ऐकत उभी होते.

"'आपल्या शाळेचे शिपाईमामा,'" ती वाचत होती, "'प्रदीर्घ सेवेनंतर यंदा निवृत्त होत आहेत. त्यांची उणीव आम्हा सर्वांना...'"

आणि ती थांबली.

माईकची घरघर तेवढी ऐकू येत होती. मंडपात माना वर झाल्या. मामा नेमके त्याच वेळी पाण्याच्या ग्लासांचा ट्रे घेऊन पाहुण्यांकडे चालले होते. तिशीच्या आसपासचे, यंदाच लागलेले मामा. तिने कागदाकडे बघितलं, मामांकडे बघितलं.

मोठ्या बाई दातांमधून म्हणाल्या, "पुढे वाच."

तिने वाचलं नाही. माईक तोंडासमोर आहे हे विसरून तिने विचारलं, "मामा, तुम्ही चाललात?"

मामा ट्रे घेऊन जागच्या जागी. "मी? कुठं?" मग मोठ्या बाईंकडे बघून, खरोखर घाबरून, "बाई, मला तर कुणी काय बोललं नाही!"

मंडपात हशा पिकला. पाहुणेही हसत होते. मोठ्या बाईंना क्षणभरात सगळं लक्षात आलं. जुने मामा गेल्या वर्षी निवृत्त झाले होते, आणि गेल्या वर्षीच्याच अहवालात वरचं साल बदलून तो पुन्हा छापून काढलेला होता. त्या उठल्या, माईक हातात घेतला, चेहऱ्यावरची सुरकुती हलू दिली नाही.

"मामा कुठेही जात नाहीयेत. मामा, पाणी द्या. हा मजकूर गेल्या वर्षीचा आहे. शाळेची परंपरा अखंड असल्याचं आत्ताच वाचण्यात आलं, हा त्याचा पुरावा." मग तिच्याकडे वळून म्हणाल्या, "पुढचं वाच. आणि आणखी काही शिळं सापडलं तर वगळ."

तिने कागद पुन्हा धरला. आता ती सावकाश वाचत होती. एक ओळ झाली, दुसरी झाली. तिसऱ्या ओळीपाशी ती गप्प झाली, डोळे डावीकडून उजवीकडे फिरले, तिने मान हलवली आणि ती ओळ सोडून पुढची घेतली. मागच्या सतरंजीवरून भोंगा वाजला, "काय होतं गं त्यात?" व्यासपीठावरून तिने हाताने खूण केली, नंतर सांगते.

मी मंडपाच्या खांबाला टेकले. साहेब आले त्या दिवसापासून खांद्यावर घेतलेलं ओझं कुणीतरी न विचारता उतरवून ठेवावं, तसं वाटलं. तिच्या शेजारी थांबवायला कुणी नव्हतं. तिला त्या मामांची काळजी वाटली, म्हणून ती थांबली. आता आठवीची पुस्तकं कितीही जाड असोत, तिथेही ती अशीच थांबेल.

कार्यक्रम संपल्यावर तिचे वडील गाठायला आले. चेहरा जरा ओशाळलेला.

"बाई, अडखळली की हो. आजपर्यंत कधी अडखळली नव्हती."

"हो, अडखळली."

"तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"मला इतकं बरं खूप दिवसांत वाटलं नव्हतं."

ते मग कानामागे खाजवत म्हणाले, "तसं ते मला पण ऐकू आलं होतं. मामा चालले म्हणून. मला वाटलं, एवढा तरणा माणूस रिटायर कसा होईल? पण म्हटलं, छापलंय म्हणजे असेल. आपण कशाला बोला."

"तीही तेच म्हणाली असती, वर्षापूर्वी."

त्यांनी मान हलवली. लेक मैत्रिणीबरोबर लांब उभी होती. भोंगा तिचा हात धरून काहीतरी विचारत होता. "थांबली, नाही का?" ते म्हणाले. आता त्यांच्या आवाजात ओशाळलेपण नव्हतं.

संध्याकाळी मी ताईला फोन लावला. ताई वाघोलीला असते, संसार चांगला चाललाय, मुलगा मोठा झालाय. नववीचा विषय आम्ही दोघी कधी काढत नाही. मी काही बोलले की ती नेहमी 'हं, हं' करत शेवटपर्यंत ऐकते आणि म्हणते, "छान." त्या दिवशीही मी सगळं सांगितलं. साहेबांच्या टाळ्या, पेंग्विन, भोंगा, मामा, मोठ्या बाईंचा टोमणा. ताई हसली. खूप हसली. मग 'छान' येईल म्हणून मी थांबले.

"आणि त्या ओळीत काय होतं?" ताई म्हणाली.

"कोणत्या?"

"ती तिने वगळली ती. काय लिहिलं होतं त्यात?"

"अगं, ते मी विचारलंच नाही."

"विचारलं नाहीस?" आवाज थेट आईचा, सुपातून हात वर केलेला. "मराठीची बाई ना तू? सोमवारी पहिलं तिला विचार, आणि मला फोन कर. अर्धंच सांगतेस नेहमी."